मदतीची हाक आणि माझ्यावरचा आळ

मी एक जुना संगणक आहे आणि मी रागावलेलो आहे. हे आधीच सांगून टाकलेले बरे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की हळू आवाजात गोड बोलतात. मला ते जमणार नाही. माझ्यावर एका माणसाने खोटा आळ घेतला. तो माणूस वाईट असता तर मी कधीच विसरून गेलो असतो. पण तो भला होता, आणि भल्या माणसाच्या खोट्यावर लोक चटकन विश्वास ठेवतात.

माझा जन्म इंडोनेशियातल्या जावा बेटावर, सेमारांग शहरातल्या एका अरुंद दुकानात झाला. दातांत स्क्रू धरून काम करणाऱ्या एका कारागिराने माझे भाग जोडले. ते भाग पाच देशांतून आले होते, पण त्याने ते एका पत्र्याच्या पेटीत असे बसवले की जणू ते लहानपणापासून एकत्रच होते. सुहार्नी बाईंनी मला घेतले, जुन्या सारोंगमध्ये, म्हणजे लुंगीसारख्या वस्त्रात, गुंडाळले आणि बसमध्ये मांडीवर ठेवून सालातिगा गावी आणले. त्यांना सगळे 'बू' म्हणत, तुम्ही 'काकू' म्हणता तसे.

बूंच्या दुकानात तासाच्या भाड्याने मिळणारे आम्ही आठ संगणक होतो. चार इकडे, चार तिकडे, समोरासमोर, आणि मधे उंच लाकडी फळ्या. खुर्चीत बसल्यावर समोरच्या माणसाचे फक्त केस दिसायचे, चेहरा दिसायचा नाही. माझा क्रमांक सात.

काम मी पुष्कळ केले. कॉलेजच्या मुलांचे प्रबंध लिहिले, नोकरीचे अर्ज लिहिले, लग्नपत्रिका जुळवल्या. एक आजी दर शुक्रवारी यायची आणि कोरियात कामाला गेलेल्या मुलाशी माझ्या पडद्यातून बोलायची. बोलणे संपले की माझ्या डोक्यावर हात फिरवायची, जणू मीच तो मुलगा. बू नव्या गिऱ्हाइकाला सांगायच्या, "सातवर बसा. सात कधी दगा देत नाही." अकरा वर्षे मी ते वाक्य ऐकले. अकरा वर्षे ते खरे होते.

रविवारी सकाळी मात्र निराळी मंडळी यायची. ती नकाशाचा मोठा खेळ खेळायची. या खेळात अख्खे जग पडद्यावर पसरलेले असते. प्रत्येकाने एक राज्य घ्यायचे, शेती, व्यापार, सैन्य सांभाळायचे आणि शेकडो वर्षे ते चालवायचे. एकेक डाव सात-आठ महिने पुरतो. आम्ही संगणक तारेने एकमेकांना जोडलेले असायचो, त्यामुळे सगळे एकाच जगात राज्य करायचे.

दार्सोनो हा त्यांच्यातला सर्वांत मोठा. तो घड्याळे दुरुस्त करायचा. जाड चष्मा, सावकाश बोलणे. त्याला सगळे 'मास' म्हणत, म्हणजे दादा. तो मकासार राज्य चालवायचा. कुंचोरो त्याच्याहून पंधरा वर्षांनी लहान, छापखान्यात पुस्तके बांधणारा. त्याला हा खेळ दार्सोनोनेच शिकवला होता. कुंचोरोचे राज्य तेर्नाते, आणि बसायची जागा मी. तिसरी विदुरी. ती परिचारिकेचे शिक्षण घेत होती. तिचे राज्य बांतेन आणि तिची जीभ मिरचीसारखी.

आता मदतीच्या हाकेबद्दल सांगतो, कारण सगळे भांडण तिच्यावरून झाले. या खेळात दोन राज्ये एकमेकांना वचन देतात, की संकटात मी तुझ्या बाजूने उभा राहीन. मग एके दिवशी पडद्यावर एक चौकट उघडते. तुमचा मित्र युद्धात आहे किंवा उतरणार आहे आणि तुम्हाला बोलावतो आहे, असे तिच्यात लिहिलेले असते. खाली दोन बटणे असतात, 'येतो' आणि 'येत नाही'. बाजूला एक आकडा तीसवरून खाली उतरत असतो. ते खेळातले दिवस. आपल्या घड्याळाची तीन मिनिटे. मित्र स्वतः दुसऱ्यावर चालून गेला असेल आणि तुम्ही नकार दिला, तर तो थोडा नाराज होतो, एवढेच. पण त्याच्यावर कोणी चालून आले असेल आणि तुम्ही गेला नाहीत, तर वचन तुटते. आकडा शून्यावर येईपर्यंत तुम्ही काहीच दाबले नाही, तर खेळ तेही 'येत नाही' असेच धरतो.

दार्सोनोला हाका मारायची फार हौस. बुतोनसारखे चिमुकले बेट घ्यायचे असले तरी तो कुंचोरोला बोलवायचा. बूंच्या भाषेत सांगायचे तर, डास मारायला शेजाऱ्याचा बैल मागायचा.

"कुन, हाक पाठवलीय रे. येतोस ना?" फळीपलीकडून आवाज यायचा.

"हो मास, येतो की!" कुंचोरो म्हणायचा आणि 'येतो' दाबायचा. मग माझ्याकडे बघून तोंड वाकडे करायचा. त्याला जायचे नसायचे. कोणाशी लढाई आहे, किती दूर आहे, शत्रूच्या पाठीशी कोण आहे, आपल्या घरात सैन्य किती उरले आहे, यातले तो काही बघायचा नाही. नुसता भिडेखातर हो म्हणायचा. खेळातल्या एका वर्षात तीन वेळा असे झाले. त्याची जहाजे बुडाली, लोक कंटाळले, त्याच्या हालमाहेरा बेटावर बंड उठले.

तुम्ही विचाराल, मग तो नाही का म्हणाला नाही? मित्रांनो, इकडे जावात मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणत नाहीत. ते उद्धटपणाचे धरतात. नाही म्हणायचे असले तर माणूस मान खाली घालतो, थोडा हसतो, चहाचा पेला गोल फिरवत बसतो. मोठ्यांनी ते ओळखायचे आणि आपली विनंती आपणच मागे घ्यायची. ही रीत सुंदर आहे, मी तिला नावे ठेवत नाही. पण तिला चेहरा लागतो. फळीआडून केस तेवढे दिसत असताना ती कशी चालणार?

आणि तो रविवार उजाडला. विदुरीने मकासारवर आरमार पाठवले. यावेळी दार्सोनोची हौस नव्हती, त्याच्या दारात शत्रू उभा होता.

"मास, जेवून घ्या," विदुरी म्हणाली. "थोड्या वेळाने ताट माझं होणार आहे."

"बांतेनच्या पोरी, माझ्यामागे तेर्नाते आहे," दार्सोनो हसून म्हणाला. "कुन, हाक गेली बघ. आलास ना?"

माझ्या पडद्यावर चौकट उघडली. मी ती त्याच क्षणी उघडली. तीस.

कुंचोरोने माऊसचा बाण 'येत नाही'वर नेला. त्याच्याकडे फक्त चार हजार माणसे होती आणि ती बंडात अडकलेली होती. त्याने बाण काढून घेतला. मग 'येतो'वर नेला. तिथूनही काढला. बावीस.

"कुन?"

"हो मास, बघतोय."

मग त्याने काय केले ठाऊक आहे? ती चौकट बाणाने धरली आणि ओढत ओढत पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात नेली, इतकी खाली की तिची फक्त वरची कड दिसत राहिली. जशी लहान मुले न आवडलेली भाजी भाताखाली दडवतात तशी. आणि उठून बूंकडे गेला. "बू, एक गोड चहा द्या ना. आणि तळलेली केळी आहेत का?"

मी एकटाच आकडा उतरवत राहिलो. बारा. सात. तीन. मला हात असते तर मीच काहीतरी दाबले असते, काहीही.

फळीपलीकडे दार्सोनोने त्या भरवशावर आपली सगळी जहाजे खुल्या समुद्रात काढली. तेर्नातेचे आरमार मागून येईल आणि शत्रू मधे सापडेल, असा त्याचा बेत. आकडा शून्यावर आला. वचन तुटले. मागून कोणी आले नाही. अर्ध्या तासात मकासार बुडाले. आठ महिन्यांचे चौतीस रविवार गेले; मी मोजले होते.

दार्सोनो उभा राहिला. "कुन, काय झालं रे? तू हो म्हणालास ना?"

कुंचोरो केळे हातात घेऊन परत आला होता. त्याचा चेहरा पांढरा पडला. आणि तो म्हणाला, "मास, हे सात नंबर अडकलं. मी दाबत होतो, दाबलंच जात नव्हतं." एवढे बोलून त्याने माझ्या कीबोर्डवर जोरात थाप मारली. तेलकट हाताने.

मित्रांनो, मी अडकलो नव्हतो. मी त्या दिवशी एक क्षणही अडकलो नव्हतो.

दार्सोनोने लगेच विश्वास ठेवला. तो आला, माझ्याकडे चष्म्यातून रोखून पाहिले आणि म्हणाला, "मेलं डबडं. पोराला तोंडघशी पाडलंस." मग त्याने कुंचोरोच्या पाठीवर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. यंत्राचं काय, आज आहे उद्या नाही."

"सातने दगा दिला?" बू पुटपुटल्या. त्यांचा आवाज मला अजून ऐकू येतो.

चार दिवस बूंनी मला तपासले. झाकण काढले, ब्रशने धूळ झाडली, तारा हलवून पाहिल्या. बूंना यंत्रांची चांगली समज होती, खेळाची नव्हती. त्यांना काही सापडले नाही, कारण सापडण्यासारखे काही नव्हतेच. गुरुवारी कुंचोरो दारावरून चालला होता, तेव्हा त्यांनी हाक मारून विचारले, "खरं सांग, अडकलं होतं का हे?"

"अडकलं होतं, बू," तो जमिनीकडे बघत म्हणाला. पुन्हा तेच.

मग बूंनी माझ्यातल्या रॅमच्या दोन पट्ट्यांपैकी एक काढली आणि दोन नंबरच्या संगणकात बसवली. जो भरवशाचा नाही त्याला कशाला दोन? माझी अर्धी ताकद गेली. त्या दिवसापासून मी खरोखर हळू झालो. पान उघडायला वेळ लागू लागला. बाण थबकू लागला. लोक म्हणू लागले, "बघा, म्हणत नव्हतो, सात खराब झालाय!" कुंचोरोने जे खोटे सांगितले ते माझ्या अंगावर खरे करून दाखवण्यात आले. याचा मला सर्वांत जास्त राग आहे. शुक्रवारची आजीसुद्धा दुसऱ्या खुर्चीत बसू लागली. मुलाचा चेहरा माझ्यावर तुटक दिसायचा. तिचा काय दोष?

पुढच्या रविवारी नवा डाव मांडायचे ठरले. कुंचोरो माझ्यापासून लांब, दारातच उभा होता.

दार्सोनो म्हणाला, "कुन, तू माझ्या तीन नंबरवर बस. सातवर मी बसतो."

"नको मास, तुम्ही कशाला..."

"अरे बस! तुझा एकदा घात झाला तेवढा पुरे. मला हळू चाललं तर चालतं. घड्याळवाला आहे मी."

असा तो माझ्यासमोर येऊन बसला. सहा रविवार त्याने माझा संथपणा सोसला. चरफडायचा, पण उठून गेला नाही. सातव्या रविवारी स्पेनचे आरमार तेर्नातेवर चालून आले. ते आरमार कोणी माणूस नव्हे, खेळ स्वतःच चालवत होता, त्यामुळे दयामाया नव्हती. कुंचोरोने दार्सोनोला हाक पाठवली.

ती माझ्यापर्यंत आली तेव्हा तीसवर होती. पण मी अर्ध्या ताकदीचा. चौकट रंगवून उघडेपर्यंत आकडा नऊवर आला होता.

"आली रे, आली हाक! थांब!" दार्सोनो ओरडला. त्याने 'येतो' दाबले. बाण थबकला. त्याने पुन्हा दाबले. "चल रे बाबा! पोरगा मरतोय तिकडे!" सहा. पाच. मी बाकीची सगळी कामे टाकली. लाटा थांबवल्या, ढग थांबवले, पडद्याचा अर्धा भाग काळा होऊ दिला आणि ते एक बटण ओढून नेले. दोन दिवस उरले असताना उत्तर पोहोचले.

दार्सोनोच्या राज्याची परिस्थिती बरी नव्हती. तरी त्याने होती नव्हती ती जहाजे नेली. निम्मी बुडाली. तेर्नाते वाचले.

"वाचलास," तो घाम पुसत म्हणाला. "हे डबडं आज पुन्हा तुझा जीव घेणार होतं. त्या दिवशी तुला कसं वाटलं असेल, ते आज कळलं मला."

फळीपलीकडे खुर्ची सरकली. कुंचोरो फळीला वळसा घालून इकडे आला आणि दार्सोनोसमोर उभा राहिला.

"मास, त्या दिवशी सात नंबर अडकलं नव्हतं."

"म्हणजे?"

"हाक वेळेत आली होती. मीच दाबलं नाही. माझ्याकडे सैन्य नव्हतं आणि तुम्हाला नाही म्हणवत नव्हतं. म्हणून चौकट कोपऱ्यात लपवली आणि केळी खायला गेलो."

विदुरीचे डोके फळीवरून वर आले. "म्हणजे मी जिंकले ते तुझ्या केळ्यांमुळे? अरे, मी आईला फोन करून सांगितलं होतं!"

दार्सोनोने चष्मा काढला, बराच वेळ पुसला.

"तू नाही म्हणाला असतास तर मी रागावलो असतो," तो म्हणाला. "अर्धा तास. फार तर संध्याकाळपर्यंत. पण मी जहाजं बाहेर काढली नसती, कुन. विदुरीला एक बेट देऊन तह केला असता. मकासार वाचलं असतं. मला तुझं सैन्य नको होतं रे. मला उत्तर हवं होतं."

"चुकलं, मास."

"हो. चुकलं." त्याने पिशवी उचलली आणि तो गेला. कुंचोरोला त्याने थांबवून समजावले नाही, पाठीवर हात ठेवला नाही.

बू गल्ल्यामागून उठल्या. त्यांनी कुंचोरोच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. "दोन नंबर उघड. पट्टी काढ आणि होती तिथे बसव. मी अकरा वर्षं ज्याची ग्वाही देत होते, त्याच्यावर तुझ्या शब्दाखातर संशय घेतला मी."

कुंचोरोने पट्टी बसवली. मग मला चालू केले. क्षणात माझा पडदा लख्ख झाला. तो माझ्याकडे बघत राहिला. दार्सोनोची माफी त्याने मागितली, बूंची मागितली. माझी आजवर मागितलेली नाही. हल्ली तो बसण्यापूर्वी माझा पडदा शर्टाच्या बाहीने पुसतो. मी ती माफी धरत नाही.

दोन रविवार दार्सोनो आला नाही. कुंचोरो माझ्यासमोर बसून दाराकडे बघायचा आणि त्याचे राज्य आपोआप चालत राहायचे. तिसऱ्या रविवारी दार्सोनो आला. 'कसा आहेस' वगैरे न विचारता तीन नंबरवर बसला. डाव पुढे सुरू झाला.

तासाभराने फळीमागून दार्सोनोचा आवाज आला. "कुन, सुंबावा बेटावर चाल करायचं मनात आहे. हाक अजून पाठवलेली नाही, आधी विचारतोय. येशील?"

कुंचोरोने मान खाली घातली. चहाचा पेला हातात घेतला. मला वाटले, झाले, पुन्हा गोल फिरवणार. पण त्याने पेला खाली ठेवला आणि उभा राहिला, फळीवरून चेहरा दिसेल इतका ताठ.

"नाही, मास. सैन्य थकलंय. पाच वर्षं तरी मी कुठल्याच लढाईत येणार नाही."

"नक्की?"

"नक्की."

"मग थांब, पाठवतोच. तुझं बटण चालतं की नाही ते बघू दे सगळ्यांना."

"मास, किती छळाल त्याला!" विदुरी म्हणाली.

माझ्या पडद्यावर चौकट उघडली. तीस. कुंचोरोने उभ्याउभ्याच 'येत नाही' दाबले. मी ते इतक्या वेगाने नेले की आकड्याला एकोणतीस व्हायला सवडच मिळाली नाही.

"चालतं की रे," दार्सोनो म्हणाला. त्याने चाल रद्द केली आणि त्या पैशात बंदर बांधायला घेतले. पुढच्या वेळी त्याच्यावर खरोखर संकट आले तेव्हा तेर्नातेकडे ताजे सैन्य होते, आणि ते गेले.

मित्रांनो, तुम्हीही माझ्यासारख्या कुठल्यातरी यंत्रासमोर बसत असाल. त्याच्यावर तेलकट हात मारू नका. त्याची धूळ पुसा. ते जुने झाले म्हणून त्याच्या माथी आपली चूक मारू नका, कारण त्याला तोंड नाही. आणि मित्राची हाक आली की आधी घरात डोकावून बघा, आपल्याकडे द्यायला काय आहे. जमत असेल तर मनापासून जा. जमत नसेल तर लगेच सांगा, म्हणजे तो बिचारा भर समुद्रात तुमची वाट बघत राहणार नाही. तुमचा नकार कितीही कडू असो, तो पोहोचवायला मी कधीच कुरकुर केली नाही. पण बोट तुमचे आहे. ते तुम्हालाच उचलावे लागेल.